एकपदी, द्विपदी की त्रिपदी? पदे मोजताना या चुका टाळा

बैजिक राशीतील, म्हणजे संख्या व अक्षरे यांनी बनलेल्या राशीतील, पदे मोजली की तिचा प्रकार कळतो (एक पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी), हा नियम बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतो. तरीही उत्तर चुकते, कारण नेमके काय मोजायचे आणि केव्हा मोजायचे याकडे लक्ष दिलेले नसते.

सर्वांत आधी दिसणारी चूक म्हणजे पदांऐवजी अक्षरे मोजणे. ‘७अबक’ या राशीत तीन चले (संख्येच्या जागी येणारी अक्षरे) आहेत म्हणून तिला त्रिपदी म्हटले जाते; परंतु पदे वेगळी होतात ती केवळ अधिक-उणे चिन्हांनी, गुणाकाराने नव्हे, त्यामुळे ही एकपदीच आहे. घातांक पाहून क्ष³ ला त्रिपदी म्हणणे हाही याच जातीचा घोटाळा: तीन ही तिची कोटी, म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घातांक, आहे; पदांची संख्या नव्हे.

याहून महागात पडते ती घाई. पुढील राशी पाहा:

३क्ष² + ५क्ष − २ − ५क्ष + ६

लिहिलेली पदे पाच आहेत. पण ५क्ष आणि −५क्ष एकमेकांना छेदतात, −२ आणि ६ मिळून ४ होतात, आणि उरते ३क्ष² + ४, म्हणजे द्विपदी. सजातीय पदे (तीच चले त्याच घातांकांसह असलेली) एकत्र केल्याशिवाय मोजायला बसूच नये. येथे उणे चिन्ह त्याच्या पुढच्या पदाचेच असते, हे विसरल्यास −२ चे २ होतात आणि सगळाच हिशेब बिघडतो. अक्षरांचा क्रमही फसवतो: ५अब − २बअ ही ३अब इतकी एकपदी आहे, मात्र अ²ब आणि अब² ही पदे कितीही सारखी दिसली तरी सजातीय नाहीत.

कंस असतील तर ते आधी सोडवावेत. (क्ष + ३)(क्ष − ३) चा विस्तार क्ष² − ३क्ष + ३क्ष − ९ असा होतो, मधली दोन पदे जातात आणि क्ष² − ९ ही द्विपदी मिळते. याउलट (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ६क्ष + ९ ही त्रिपदी. जो क्ष² + ९ लिहितो, त्याचा विस्तारही चुकतो आणि प्रकारही.

छेद असलेल्या राशींत मात्र छेदात काय आहे ते पाहावे लागते. क्ष/५ ही एकपदी आहे, कारण तिचा सहगुणक (चलाला गुणणारी संख्या) १/५ आहे. ५/क्ष मध्ये चलाचा घातांक −१ होतो, म्हणून ती एकाच पदाची बैजिक राशी असूनही बहुपदींच्या, म्हणजे चलांचे घातांक ०, १, २ असे पूर्ण संख्याच असलेल्या राशींच्या, कुळात बसत नाही. (क्ष + य)/२ हा एकच अपूर्णांक दिसतो, पण ती द्विपदी आहे.

नुसता ८ हीसुद्धा एकपदी आहे आणि तिची कोटी शून्य आहे. क्ष − क्ष यासारख्या राशीत सर्व पदे निघून गेली तर उरलेल्या ० ला शून्य बहुपदी म्हणतात, आणि तिची कोटी मात्र निश्चित करता येत नाही.