रनफ्लॅट उतरवण्याआधी डिकी उघडा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर शंभरच्या वेगाने जाताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि प्रत्येक जॉइंटवर बुडाखालून गुद्दा बसतो. रनफ्लॅट म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे ताठ टायर. ते असलेल्या गाडीचा मालक तिथेच कधीतरी ठरवून टाकतो, पुढच्या वेळी साधे टायर. मीही ठरवलं. गाडी बीएमडब्ल्यू ३२०डी, एफ३० पिढीतली, सेकंडहँड. टायर २२५/५० आर१७. दुकानात जायच्या आधी पंधरा दिवस जी कामं केली, आणि जी करायची राहिली म्हणून नंतर धावपळ झाली, ती सगळी इथे लिहितोय.

सगळ्यात आधी आवाज नक्की टायरचाच आहे ना, हे पाहा. गाडी थंड असताना चाकाजवळ बसा आणि तळहात ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं अडत असेल तर टायरला दाते पडलेत. त्यामागे अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं दुखणं असतं, आणि ते तसंच ठेवलंत तर नवे टायरही काही महिन्यांनी घोंगावू लागतील. दुसरी शंका बेअरिंगची. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगात हलकेच डावीउजवीकडे वळवून बघा. एका बाजूला वळताना घरघर वाढली आणि दुसऱ्या बाजूला कमी झाली, तर आधी बेअरिंग दाखवा. टायरचे पैसे त्यानंतर.

आता डिकी उघडा. माझ्या मते टायरच्या ब्रँडवर चर्चा करण्याआधी हे काम व्हायला हवं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. रनफ्लॅटची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, इतकी ताठ असते की हवा शून्य झाली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी घरी किंवा दुकानापर्यंत येते. कंपनी त्या भरवशावर बहुतेकदा स्टेपनी देत नाही. बऱ्याच गाड्यांत जॅक आणि पानाही नसतो. म्हणजे रनफ्लॅट उतरवले की तो भरवसा तुम्हालाच विकत घ्यावा लागतो. गाडी शहरातच फिरत असेल तर हवा भरायचा १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर आणि पंक्चर किट पुरतं: टोच्या, दाभण, चिकट नाड्या, पक्कड. भोक बुजवणाऱ्या सीलंटची बाटली घेतलीत तर तिच्यावरची एक्स्पायरी बघा, आणि ती ट्रेडमधल्या खिळ्यासाठीच आहे हे लक्षात ठेवा. साइडवॉल फाटली तर बाटली, नाड्या सगळं शोभेचं. कोकणात किंवा रात्रीच्या घाटात जाणं असेल तर स्टेपनीच घ्या.

स्टेपनी म्हणजे बारीक स्पेस-सेव्हर. एफ३० ला पाच बोल्ट, १२० मिलिमीटरचं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक ७२.६ मिलिमीटर, शिवाय ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे घेण्याआधी एकदा लावूनच बघायचं. माझ्या डिकीत खाली पुरेसा खड्डा नाही, त्यामुळे ते चाक वर फरशीवर राहतं आणि पट्ट्याने करकचून बांधावं लागतं, नाहीतर जोराच्या ब्रेकला ते मागच्या सीटवर येईल. जॅक, १७ चा सॉकेट, चाकाला लावायला ठोकळा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, टॉर्च आणि जुनी सतरंजी. एक स्वस्तातली गोष्ट कुणी सांगत नाही: या गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात. म्हणजे जड चाक मांडीवर पेलत भोकाला भोक जुळवायचं. १४ मिलिमीटर, १.२५ पिचची गाइड पिन मिळते. ती हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, फिरवली की चाक तिच्यावर टांगता येतं. चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या लॉकिंग बोल्टची चावी आजच शोधा. माझी मागच्या एका दुकानात राहिली होती आणि मला ते वर्षभराने कळलं.

टायर निवडताना दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. साइज तोच, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) त्याहून कमी नको. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९१ म्हणजे ६१५. त्याच साइजमध्ये साधा आणि रनफ्लॅट दोन्ही मिळतात, म्हणून ऑर्डर देताना साइडवॉलवरची अक्षरं विचारून घ्या: आरएफटी, झेडपी, एसएसआर, आरओएफ, आरएससी यातलं काही असेल तर तो पुन्हा रनफ्लॅटच. काही गाड्यांना पुढे-मागे वेगळा साइज असतो, तेही पाहा. चारही एकदम बदला. दोन ताठ आणि दोन मऊ अशी खिचडी वळणावर नडते. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. रिम बदलायची गरज नाही, रनफ्लॅटच्या रिमवर साधा टायर बसतो.

दुकान निवडताना मशीन बघा. रनफ्लॅट उतरवायला मदतीचा जादा आर्म असलेलं मशीन लागतं, नाहीतर पोरं पहार घालतात आणि रिमला ओरखडा तुमच्या नशिबी. जायच्या आधी चारही रिमचे फोटो काढून ठेवा. टायर उतरल्यावर घाई करू नका: मोकळी रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि आतली कड निरखून बघा. ताठ टायरने खड्ड्याचा मार वर्षानुवर्षं थेट रिमला दिलेला असतो. माझी मागची डावी रिम आतून वाकलेली निघाली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. नवा टायर चढवण्याआधी त्याच्यावरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. व्हॉल्व्हमध्ये प्रेशर सेन्सर असेल तर कारागिराला आधी सांगा. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे ओघाने आलंच. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने, माझ्या गाडीला १४० न्यूटन-मीटर. नुसत्या गनने आवळलेला बोल्ट रस्त्यात तुमच्या पान्याला दाद देत नाही.

हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा, मग गाडीच्या स्क्रीनवरच्या आयड्राइव्हच्या मेन्यूतून टायर मॉनिटर रीसेट करा. आता ही सिस्टीम चालू असणं पहिल्यापेक्षा गरजेचं आहे, कारण साध्या टायरवर हवा गेल्यावर किलोमीटरभर चाललात तरी टायर कामातून जातो. पहिले दोन दिवस स्टिअरिंग जरा सैल वाटेल, त्याची सवय होते. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

आणि एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक स्वतः बदलून बघा. मला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं हबला चिकटलेलं चाक लाथा घालून सोडवण्यात गेली. स्टेपनीत ६० पीएसआय हवा लागते. पंपावरचा पोरगा हा आकडा ऐकून दोनदा विचारतो. चाकावरच छापलेला असतो, तो दाखवायचा.