अमेरिकेतील राज्य विधिमंडळापुढील विधेयकाचा पाठपुरावा कसा करावा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत वॉशिंग्टनमधील घडामोडींची जितकी चर्चा होते, तितकी आपल्या राज्याच्या विधिमंडळाची होत नाही. वास्तविक शाळांचा निधी, मालमत्ता कराची मर्यादा, विजेच्या दरांचे नियमन, घरबांधणीचे नियम आणि कमी उत्पन्न असलेल्यांच्या आरोग्यविम्याची व्याप्ती यांसंबंधीचे बरेचसे कायदे राज्याच्या राजधानीतच ठरतात, आणि तेथे सामान्य रहिवाशाचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता संसदेपेक्षा कितीतरी अधिक असते. मात्र ते म्हणणे योग्य वेळी, योग्य समितीपुढे आणि विधेयकाच्या नेमक्या कलमाला धरून मांडावे लागते.

सर्वप्रथम आपल्या विधिमंडळाचे वेळापत्रक समजून घ्यावे, कारण ते प्रत्येक राज्यात निराळे असते. टेक्सासचे नियमित अधिवेशन केवळ विषम वर्षांत भरते आणि ते जास्तीत जास्त १४० दिवस चालते. कॅलिफोर्नियाचे कामकाज मात्र वर्षाचा बहुतेक काळ सुरू असते. नेब्रास्का वगळता सर्व राज्यांत दोन सभागृहे आहेत, त्यामुळे एका सभागृहात हुकलेली संधी दुसऱ्यात पुन्हा मिळू शकते. ४६ राज्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते; न्यूयॉर्कचे १ एप्रिलला, टेक्सासचे १ सप्टेंबरला, तर अलाबामा आणि मिशिगनचे १ ऑक्टोबरला. खर्चाशी संबंधित मागणी असेल तर ती या तारखेच्या पुष्कळ आधी, अर्थसंकल्पाची जुळवाजुळव चालू असतानाच पोहोचली पाहिजे.

त्यानंतर विधेयकाचा मूळ मसुदा वाचावा. तो विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी वगळायचा मजकूर खोडलेला व नवा मजकूर अधोरेखित केलेला असतो. केवळ शीर्षकावरून मत बनवू नये, कारण शीर्षक विधेयक मांडणाऱ्यांनी निवडलेले असते. व्याख्यांचे कलम, अपवादांचे कलम आणि अंमलबजावणीची तारीख या तीन जागा बारकाईने वाचल्या की कायदा कोणाला आणि केव्हा लागू होणार हे कळते. कोलोरॅडोने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा केला. तो १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू व्हायचा होता, परंतु २०२५ च्या विशेष अधिवेशनात ही तारीख ३० जून २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. तारीख पुढे गेली की कायद्याच्या आशयावरही पुन्हा वाटाघाटी सुरू होतात, म्हणून कायदा संमत झाल्यावरही लक्ष काढून घेऊ नये. शिवाय दुरुस्तीच्या नावाखाली संपूर्ण मजकूर बदलल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे प्रत्येक वेळी ताजी प्रतच वाचावी. कॅलिफोर्नियात २०१६ च्या जनमतानंतर अंतिम मतदानापूर्वी विधेयक ७२ तास प्रसिद्ध असणे बंधनकारक झाले, ते याच कारणाने.

खरी कसोटी पैशाची असते आणि सर्वाधिक वेळ येथे द्यावा. केंद्र सरकार तूट सोसू शकते. जवळजवळ सर्व राज्यांना मात्र अर्थसंकल्प संतुलित ठेवावा लागतो. म्हणून विधेयकासोबत जोडलेले, खर्चाचा अंदाज देणारे आर्थिक टिपण, म्हणजे फिस्कल नोट, अवश्य वाचावे. सध्या ही ओढाताण विशेष तीव्र आहे. मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, निदान निम्मा खर्च केंद्र देते, पण उरलेला भाग राज्याच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने रुग्णालये व इतर सेवादात्यांवर कर लावून निधी उभारण्याच्या राज्यांच्या पद्धतीवर मर्यादा आणल्या, आणि अन्नसाहाय्य योजनेच्या प्रशासकीय खर्चातील राज्यांचा वाटा २०२७ च्या आर्थिक वर्षापासून ५० वरून ७५ टक्क्यांवर नेला. त्यामुळे शाळा, करसवलत किंवा रस्ते यांविषयीचे कोणतेही विधेयक वाचताना त्याच तिजोरीतून आणखी कोणती देणी भागवायची आहेत, हे विचारलेच पाहिजे.

करसवलतींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारावा. व्हर्जिनियासह अनेक राज्ये डेटा सेंटरच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या व भरपूर वीज लागणाऱ्या संगणककेंद्रांच्या, यंत्रसामग्रीला विक्रीकरातून सूट देतात. अशी सूट अनुदानासारखी दरवर्षी मंजुरीसाठी पुढे येत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चर्चेविना चालू राहते. माझ्या मते तिची छाननी थेट खर्चाइतकीच कठोर असायला हवी. बुडणारा महसूल किती, सवलतीची मुदत केव्हा संपते आणि या केंद्रांसाठीच्या नव्या वीजवाहिन्यांचा खर्च घरगुती ग्राहकांवर पडणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

बहुतेक विधेयके सभागृहातील मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत. ती समितीतच संपतात. अनेक राज्यांत सुनावणी घ्यायची की नाही हे समितीचा अध्यक्ष ठरवतो, तर कोलोरॅडोत १९८८ च्या घटनादुरुस्तीमुळे प्रत्येक विधेयकाला समितीत सुनावणी मिळते. म्हणून आपल्या प्रतिनिधीबरोबरच समितीच्या अध्यक्षांच्या कार्यालयालाही पत्र लिहावे. इलिनॉयमध्ये साक्षीची चिठ्ठी ऑनलाइन भरून पाठिंबा किंवा विरोध नोंदवता येतो, आणि वॉशिंग्टन राज्यात दूरस्थ साक्षही देता येते.

तोंडी साक्षीला बहुधा दोन-तीन मिनिटेच मिळतात. सुरुवातीलाच विधेयकाचा क्रमांक आणि आपली भूमिका सांगावी, मग एकच कलम घेऊन त्याचा प्रत्यक्ष परिणाम स्पष्ट करावा, आणि शेवटी हवी असलेली दुरुस्ती शब्दशः वाचून दाखवावी. तयार शब्दरचना हातात पडली की समितीच्या कर्मचाऱ्यांना ती पुढे नेणे सोपे जाते. निव्वळ नाराजीचे त्यांना काही करता येत नाही. नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांनीही आपले मत मांडण्यास कचरू नये. मात्र ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला राज्यातील निवडणुकीसाठी देणगी देण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे, हे लक्षात ठेवावे.

राज्याच्या आकारानुसार मार्गही बदलतो. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे साडेतीन हजार लोक, आणि तेथे प्रत्यक्ष भेट सहज शक्य असते. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमधील ४० सदस्यांपैकी प्रत्येकाकडे जवळपास दहा लाख लोक असल्याने संबंधित विषय पाहणाऱ्या सहायकाशी संपर्क ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाल्यावर ते गव्हर्नरकडे जाते, आणि बहुतेक राज्यांत गव्हर्नरला खर्चाची एखादी तरतूद स्वतंत्रपणे नाकारता येते. स्वाक्षरीनंतर संबंधित खाते नियम तयार करते व त्यांचा मसुदा जनतेच्या हरकतींसाठी प्रसिद्ध करते. पात्रतेचा पुरावा कोणता लागेल, अर्ज कोठे करायचा, मुदत किती, असे तपशील पुष्कळदा या नियमांतच ठरतात. त्यामुळे हरकतींची अंतिम तारीख नोंदवून ठेवावी आणि समितीपुढे दिलेले निवेदन नियमांच्या मसुद्यातील संबंधित कलमाशी जोडून त्या खात्याकडे पुन्हा पाठवावे.