घरातल्या माणसाला गर्दमधून बाहेर काढायचं असेल तर

माझा धाकटा भाऊ गेली ४ वर्षं रोज सकाळी सेंटरला जाऊन ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो, म्हणजे गर्दची ओढ आणि त्रास आवरणारं औषध. त्याआधी ६ वर्षं गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन), सुरुवातीला पन्नीवर तापवून धूर ओढायचा, मग सुईने. माझं परळला पोळीभाजी केंद्र आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी सांगते.

नुसतं कोंडून ठेवू नका. आम्ही तीनदा तेच केलं. शेवटच्या वेळी एका खासगी केंद्रात २१ दिवस ठेवलं. टर्की उतरली, गालांवर जरा मांस आलं, आई देवळात नारळ फोडून आली. टर्की म्हणजे गर्द बंद झाल्यावरचा त्रास: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, रात्रभर पाय झाडणं. पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा होतो, आठवड्याभरात बरंचसं निवळतं. आपल्याला वाटतं, सुटला. पण ओढ तशीच असते आणि शरीराला मात्र तेवढं पचवायची सवय राहिलेली नसते. घरी आल्यावर पाचव्या दिवशी त्याने पूर्वीइतकंच घेतलं. सार्वजनिक संडासात सापडला, ओठ निळे. इस्पितळात गर्दचा असर उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून आज आहे. श्वास मंदावलाय, हाक मारून जागा होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं दिसलं तर १०८ला फोन करा आणि "गर्द घेतलीय" हे स्पष्ट सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि एकटं सोडू नका. लाज नंतर बाळगता येते.

कुठे जायचं? १४४४६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तिथे जवळचं केंद्र विचारा. नॅकोची (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची) ओएसटी सेंटरं, म्हणजे गर्दऐवजी औषध देणारी केंद्रं, मुळात सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहेत आणि तिथे औषध फुकट मिळतं. पन्नीवर ओढणाऱ्याने सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं. आणि एचआयव्ही व कावीळ सीची (हिपॅटायटिस सी) तपासणी टाळू नका. सी निघाली तर त्यावरच्या गोळ्याही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.

आता ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी. इथे घाई केली तर फसगत होते. शेवटची गर्द घेऊन साधारण १२ तास व्हायला हवेत आणि टर्की सुरू झालेली दिसायला हवी. गर्द अंगात असताना ही गोळी घेतली तर ती गर्दला हुसकावून लावते आणि टर्की एकदम अंगावर येते. मग माणूस म्हणतो, या गोळीनेच मारलं, आणि परत फिरकत नाही. म्हणून शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायला लावा. आमच्याकडे मी रात्रभर त्याच्या उशाशी बसले, पहाटे ४ला कणीक भिजवायला उठायचंच होतं, आणि जांभया सुरू झाल्या तशी निघायची तयारी केली.

गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. गिळली तर यकृतच तिचा बराचसा भाग निकामी करतं. सेंटरची सिस्टर समोर उभी राहून बघते, त्यात अपमान वाटून घेऊ नये. या गोळीवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत, श्वासावर येतं. बद्धकोष्ठ होतो, मी त्याला रात्री भिजवलेल्या मनुका देते.

"एक नशा सोडून दुसरी धरली" असं आमचे काका दर दिवाळीला म्हणायचे. त्यांना मी त्यांचीच मधुमेहाची गोळी दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन (असंच दुसरं औषध) आणि ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्रान्सने त्याआधीच, १९९५पासून, साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला मुभा दिली, आणि पुढच्या चार वर्षांत तिथे अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे २०१९च्या सरकारी पाहणीत अफू-गर्दसारखे पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी निघाले. एवढ्या लोकांना कुलूप लावून कुठे ठेवणार? काका हल्ली गप्प असतात, पटलंय की नाही देव जाणे.

"कधी बंद होणार गोळी?" हे रोज विचारू नका. आई विचारायची. दुसऱ्या वर्षी त्याने तिच्यासाठी गोळी स्वतःच बंद केली, आणि १० दिवसांत पुन्हा सुई. कमी करायची ती डॉक्टरांनी, हळूहळू. घसरला तर शिव्या घालायच्या त्या घाला (मीही घातल्या), पण दुसऱ्या दिवशी सेंटरला न्या.

गणपतीला गावी जायचं असेल तर निदान पंधरा दिवस आधी सेंटरला सांगा. घरी गोळ्या द्यायच्या की नाही आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. मिळाल्या तर त्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात ठेवा. आमची चावी कोकणात माझ्या मंगळसूत्राला असते.