जवळचं कुणी नसलेल्या मित्राला दवाखान्यात सांभाळताना

कोल्हापुरात माणूस ॲडमिट झाला की गल्ली, तालीम, ऑफिस, सगळे दवाखान्याच्या दारात उभे राहतात. रक्त लागलं तर तालमीची पोरं येतात, डब्याची सोय होते, गाडी मिळते. पण ज्याला बायको-मुलं नाहीत, आई-वडील गेलेत आणि भाऊ असलाच तर वर्षानुवर्षं बोलत नाही, अशा माणसाला घेऊन काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "पेशंटचे तुम्ही कोण?" मित्र म्हणून सांगितलं की लगेच दुसरा, "घरचं कुणी नाही का?" हे काम मी सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयातही केलंय आणि खासगी दवाखान्यांतही. रात्री जागणं, डबा पोचवणं कुणालाही जमतं. अडतं ते या दोन प्रश्नांपाशी.

पहिल्या दिवशी

मित्राकडून घराची किल्ली मागून घ्या. आधार, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी असल्यास ती, जुन्या फायली आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. घर उघडताना शेजारचं एक माणूस सोबत ठेवा, कपाट एकट्याने उघडू नका. गॅस बंद करा, दूधवाल्याला कळवा.

रेशनकार्ड पहिल्याच दिवशी आणण्याला कारण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यापासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्डावर एकट्याचंच नाव असेल तरी चालतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. ॲडमिट करतानाच त्याला गाठा आणि "योजनेतून करायचं आहे" असं स्पष्ट सांगा. "आधी पैसे भरा, योजनेचं नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ही योजना कॅशलेस आहे, खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळण्याची वाट तिच्यात नाही. शंका आली तर १५५३८८ वर फोन करा.

योजनेत न बसणारा आजार असेल आणि दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल, तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात देण्याचं बंधन त्या दवाखान्यावर आहे. उत्पन्नाचा दाखला लागतो. ही गोष्ट आपणहून कुणी सांगत नाही, तुम्हीच विचारायची.

"नातं" या रकान्यात काय लिहायचं

इथे मात्र थांबून नीट वाचा.

तुम्हाला दहाजण एकच सल्ला देतील, "सरळ भाऊ म्हणून लिहा आणि मोकळे व्हा." मी हे कधीच करू देत नाही. आडनाव वेगळं, आधारवरचा पत्ता वेगळा. पुढे विम्याच्या कागदावर, योजनेच्या फाइलवर, पोलिसांचा संबंध आला तर जबाबात, ते खोटं नातं पुन्हापुन्हा सांगत बसावं लागतं. आणि खरा भाऊ एखाद्या दिवशी दारात आला, तर इतके दिवस उशाशी बसलेला माणूसच संशयित ठरतो. रकान्यात "मित्र" असंच लिहा. तो शब्द कमी पडतो, म्हणून त्याला कागदाचा आधार द्यायचा असतो.

आधी हे लक्षात घ्या की मित्र शुद्धीत असेल, सज्ञान असेल, तर ऑपरेशनच्या संमतीला कुणाच्याच सहीची गरज नाही, त्याची स्वतःची सही पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात हे स्वच्छ सांगितलंय. त्या प्रकरणात शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिच्या सख्ख्या आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली गेली नाही. तेव्हा "घरच्यांची सही आणा" असं म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा, "पेशंट स्वतः सही करतोय, मग अडचण कुठे आहे?" बहुतेक वेळा त्यांना नात्यापेक्षा बिलाची काळजी असते. तो विषय वेगळा आहे, पुढे येतो.

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते माहितीसाठी. एका दवाखान्यात मित्र अतिदक्षता विभागात होता, आणि रिपोर्ट विचारला की "घरच्यांनाच सांगू" एवढंच उत्तर मिळायचं. मोठ्या डॉक्टरांनी सकाळी होकार दिलेला असायचा, दुपारी ड्युटी बदलली की तो होकार कुणालाच माहीत नसायचा. तोंडी ठरलेलं दवाखान्यात एका पाळीपुरतं टिकतं. त्यानंतर मी ज्यांच्या ज्यांच्यासोबत गेलो, त्यांच्याकडून पहिल्या काही तासांतच पत्र लिहून घेतलं. साध्या कागदावर, साध्या मराठीत, साधारण असं:

"मी, (पूर्ण नाव, वय, पत्ता), पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून देतो की माझे जवळचे कोणी नातेवाईक माझ्यासोबत नाहीत. माझ्या आजाराची, तपासण्यांची व खर्चाची सर्व माहिती माझे मित्र (नाव, पत्ता, फोन) यांना द्यावी. रिपोर्ट व केसपेपरच्या प्रती त्यांना मिळाव्यात. मी बोलू शकत नसेन तेव्हा उपचारांबाबत डॉक्टरांनी त्यांच्याशी चर्चा करावी. माझी इच्छा काय आहे हे मी त्यांना सांगितले आहे. माझ्या प्रकृतीबाबत (नाव) यांना कळवावे, (नाव) यांना कळवू नये."

खाली तारीख आणि वेळ, दोन्ही. हात थरथरत असेल तर अंगठा चालेल. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करू नका, कारण पत्रात नाव तुमचंच आहे. एक साक्षीदार दवाखान्यातला मिळाला तर उत्तम. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे आधी जा. खासगीत मेडिकल सोशल वर्कर किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) गाठा. दारावरच्या सिक्युरिटीशी किंवा बिलिंगच्या पोराशी या विषयावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात काही नसतं.

पत्राच्या तीन प्रती करा. एक फाइलला लावा, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घ्या, तिसरी स्वतःकडे ठेवा. आणि डॉक्टरांना विनंती करून केसपेपरवर एक ओळ लिहून घ्या की रुग्ण शुद्धीत आहे आणि पत्र त्याने स्वतःच्या इच्छेने दिलं आहे. ही एक ओळ नसली तर पुढे कुणीही म्हणू शकतं की गुंगीत असताना सही घेतली. म्हणूनच वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर, ऑपरेशनच्या टेबलाकडे नेताना, रात्री ताप चढलेला असताना हे पत्र घेऊ नका. सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्या.

या पत्राचा एक ठोस उपयोगही आहे. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सोबत्याने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, पुण्या-मुंबईला हलवायचं ठरलं, की याच प्रती लागतात.

पण पत्राला नाही ती ताकद चिकटवू नका. मित्र बेशुद्ध झाल्यावर त्याच्या वतीने कायदेशीर संमती देण्याचा हक्क तुम्हाला या कागदाने मिळत नाही. त्याला काय हवं होतं हे डॉक्टरांना कळतं आणि ते तुमच्याशी मोकळेपणाने बोलू शकतात. त्याचं मोल फार आहे, पण तेवढंच.

"मग मुखत्यारपत्र करून घ्या" हा दुसरा ठरलेला सल्ला. नोटरीकडे पळू नका. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणारा माणूसच निर्णय घेण्याच्या स्थितीत उरला नाही, की त्याने दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं.

तो आधीच बेशुद्ध असेल तर

जीव वाचवण्यासाठी तातडीने जे करायचं ते नातेवाइकांची वाट बघत थांबवता येत नाही. आणीबाणीत उपचार करणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं, आणि वर सांगितलेल्या २००८ च्या निकालातही अशा प्रसंगी संमतीची अट सैल केली आहे. "नातेवाईक आल्याशिवाय हात लावणार नाही" असं कुणी म्हणालं, तर आवाज न चढवता वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि हेच कारण केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. लेखी मागितलं की बोलणं बदलतं, हा माझा अनुभव आहे.

बेशुद्धी लांबली, बँक, घर, पुढचे उपचार सगळंच अडलं, तर उच्च न्यायालयाकडून त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय.

बरं होण्याची आशा उरली नाही तर व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का, हे ज्याला आपल्यामागे कुणावर सोडायचं नाही, त्याने शुद्धीत असताना वैद्यकीय इच्छापत्र करावं. २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने तो हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मित्राचं नाव त्यात कोणत्या शब्दांत घालायचं ते वकिलाकडून लिहून घ्या. हा विषय काढायला जीभ उचलत नाही हे खरं आहे, पण मी पाहिलेल्या आजारी माणसांना हा प्रश्न कुणीतरी विचारल्याचं हायसंच वाटलं.

पैसे

"जबाबदार व्यक्ती" म्हणून सही मागतात तो फॉर्म पूर्ण वाचा. त्यात कित्येकदा सगळ्या बिलाची वैयक्तिक हमी असते. जेवढं झेपेल तेवढाच आकडा स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मग सही करा, किंवा "रुग्णाच्या वतीने" असं लिहा. संकोच वाटला तरी हे कराच. आठवड्याभरात कर्जात बुडालेला मित्र कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

त्याच्या स्वतःच्या खात्यात पैसे असतील तर त्याचा फोन घेऊन पिन टाकत बसू नका. आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची सोय आहे: अंगठ्याच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात, दोन साक्षीदारांपैकी एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन व्यवस्थापकांना दवाखान्यात माणूस पाठवायची विनंती करा. वर्गणी काढली तर जमा-खर्चाची वही ठेवा आणि दर दोन दिवसांनी ग्रुपवर तिचा फोटो टाका.

रोजचं

डॉक्टरांशी एकानेच बोलायचं, राउंडच्या वेळी, प्रश्न वहीत लिहून. पाळ्या लावा. स्त्री वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, त्यामुळे मैत्रीण आजारी असेल तर रात्रीसाठी बाई आधी ठरवा. वॉर्डातल्या मावशी-मामांना नावाने ओळखा.

भेटायला येणाऱ्यांना मात्र आवरा. "काही होत नाही, आठ दिवसांत ठणठणीत होशील" हे बोलणारे त्याला जास्त एकटं पाडतात, कारण मग खरी भीती तो कुणापाशी बोलणार? त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या, दाढी करून द्या, त्याची स्वतःची उशी आणि पांघरूण घरून आणा. "तुम्हाला माझा त्रास" असं तो रोज म्हणेल. रोज तेवढ्याच शांतपणे सांगा की आम्हाला इथे यायचं असतं म्हणून आम्ही येतो.

दुरावलेल्या भावाला कळवायचं की नाही, हे तो ठरवेल, तुम्ही नाही. त्याने हो म्हटलं तर स्वतः फोन करा. भाऊ आला तर फाइल, हिशेब, पत्र त्याच्यासमोर ठेवा, वॉर्डात वाद नको.

वाईट झालं तर

नातेवाईक नसताना मृतदेह ताब्यात देण्याआधी दवाखाना पोलिसांना कळवतो. तेव्हा ते पत्र आणि तुमचं आधार सोबत ठेवा. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राज्याच्या शुश्रूषागृह नियमांतल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

घरी नेताना

डिस्चार्ज अचानक सांगतात, म्हणून त्याची तयारी आधीच्या आठवड्यात करा. तो एकटा राहतो आणि जिना चढू शकत नाही, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्यांच्या डोळ्यांसमोर घरी वाट बघणारी बायको-मुलं असतात. पहिले पंधरा दिवस कुणाकडे राहायचं, ड्रेसिंग कोण करणार, वॉकर आणि कमोडची खुर्ची कुठून आणायची (अनामत ठेवून वापरायला देणाऱ्या संस्था असतात, वॉर्डातल्या सिस्टरना विचारा), हे ठरल्याशिवाय बिल भरायला जाऊ नका. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. फेरतपासणीच्या तारखेला त्याला कोण घेऊन जाणार, त्याचं नावही त्याच कागदावर लिहा.