इसबगोल, मेथी, चायना ग्रास : आतड्याच्या अस्तरासाठी घेताना या चुका टाळा

रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या पेल्यात दोन चमचे इसबगोल ढवळायचा, ‘जरा मुरू दे’ म्हणून तो ओट्यावर ठेवायचा आणि दहा मिनिटांनी चमचा उभा राहील इतका घट्ट झालेला गोळा कसाबसा गिळायचा, हा प्रकार आमच्या घरी मी कित्येक वर्षे पाहिला आहे. इसबगोलाचा भुसा स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवतो; पेल्यात ते पुरेसे मिळाले नाही, तर तो अन्ननलिकेत किंवा आतड्यात फुगतो आणि क्वचित तिथेच अडकून बसतो. म्हणून एका चमच्याला मोठा पेलाभर, म्हणजे किमान 240 मिलिलिटर पाणी घ्यावे आणि ढवळताच प्यावे. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांचे आतडे अरुंद झाल्याचे निदान झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये. नेहमीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण त्या बुळबुळीत थरात काही औषधांचे शोषण कमी होते.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. त्याहून मोठी चूक म्हणजे जे जे बुळबुळीत, ते ते आतड्याच्या अस्तराला सारखेच उपयोगी, असे धरून चालणे. आतड्याच्या आत पेशींचा एकच पदर असतो. या पेशी ‘टाइट जंक्शन’ नावाच्या प्रथिनांच्या सांध्यांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर श्लेष्म्याचा, म्हणजे म्युकसचा, थर असतो. मोठ्या आतड्यातल्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट हे आम्ल असून ते आपण खात नाही, तर न पचलेली पॉलिसॅकराइडे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, आंबवून तिथले जीवाणू ते तयार करतात. इसबगोल मात्र फारसा आंबत नाही. मल मऊ ठेवण्याचे काम तो चोख करतो, पण जीवाणूंचे पोट त्याने पुरेसे भरत नाही. त्यासाठी भिजवलेल्या मेथीदाण्यातले गॅलॅक्टोमॅनन, पेरूतले पेक्टिन, कांदा-लसणीतले इन्युलिन आणि कडधान्यांतला न पचणारा स्टार्च, असे वेगवेगळे खाद्य लागते. गव्हाचे पीठ बारीक चाळून कोंडा फेकणे आणि फळांचा रस गाळून चोथा टाकणे म्हणजे या खाद्याचा मोठा वाटा घराबाहेर काढणे होय.

तिसरी चूक खाड्याची. 2016 साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मानवी आतड्यातले जीवाणू सोडलेल्या उंदरांना तंतुविरहित, म्हणजे ही न पचणारी पॉलिसॅकराइडे नसलेला, आहार दिला, तेव्हा ते जीवाणू उपाशी न राहता श्लेष्म्याचा थरच खाऊ लागले आणि रोगकारक जीवाणूला अस्तरापर्यंत पोचणे सोपे झाले. तंतू एक दिवसाआड दिल्यानेही थर पातळ झाला आणि शुद्ध केलेल्या प्रीबायोटिक, म्हणजे जीवाणूंचे खाद्य म्हणून दिलेल्या, तंतूंच्या मिश्रणाने तो वाचला नाही. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये हे खरे. तरी आठवडाभर पाव-खारी आणि रविवारी परातभर कोशिंबीर हा हिशेब मला पटत नाही.

पोट फुगते म्हणून सगळेच सोडून देणे हीदेखील घाईच. बहुतेकदा प्रमाण एकदम वाढवलेले असते. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत ते वाढवले, तर जीवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. ज्यांना आयबीएसचा, म्हणजे वारंवार पोट दुखून शौचाचे तंत्र बिघडण्याचा, त्रास आहे त्यांना कांदा-लसणीने अधिक वायू होतो. त्यांना फारसा न आंबणारा इसबगोलच सहसा जास्त मानवतो.

आता समुद्री शैवाल. चायना ग्रास म्हणून आपण पुडिंगमध्ये घालतो ते ‘अगर’ लाल शैवालातून निघते, पण ते आंबवणारे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात असतातच असे नाही. नोरी हे वाळवलेले शैवाल खाणाऱ्या जपानी लोकांच्या आतड्यातील एका जीवाणूने शैवालातले पॉलिसॅकराइड तोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके समुद्री जीवाणूंकडून मिळवल्याचे 2010 साली दिसून आले होते. त्यामुळे फ्युकॉइडान या तपकिरी शैवालातल्या पॉलिसॅकराइडच्या महागड्या कॅप्सूल घेण्याआधी थांबावे, कारण अस्तराबाबतचा त्यांचा पुरावा बराचसा पेशी आणि उंदरांवरचा आहे. वाळवलेल्या केल्प या तपकिरी शैवालामध्ये आयोडिन अतोनात असू शकते, तर प्रौढाची रोजची गरज सुमारे 150 मायक्रोग्रॅम असते. थायरॉइडच्या रुग्णांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

शेवटची चूक ‘लीकी गट’, म्हणजे झिरपणारे आतडे, हे नाव ऐकून स्वतःच निदान करण्याची. सीलिअ‍ॅक (ग्लुटेन या धान्यातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) आणि क्रोन (आतड्याची दीर्घकालीन सूज) या आजारांत अस्तराची पारगम्यता, म्हणजे त्यातून पदार्थ झिरपण्याचे प्रमाण, खरोखर वाढते, पण तिथे मूळ आजाराचा उपचार आधी करावा लागतो. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने बीटा-ग्लुकान या जवातल्या तंतूसाठी म्हणून जवाची पेज सुरू केली, तर जवातील ग्लुटेनमुळे अस्तराची हानीच होईल. मलातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठावे लागणे, यांपैकी काहीही असेल तर इसबगोलाचा डबा बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जावे.