जुनी पोलिसी होल्स्टर जपताना या चुका टाळा

अमेरिकेतील पोलीस कामावर नसतानाही कमरेला आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर बाळगत, आणि ते सदऱ्याखाली दडावे म्हणून त्यासाठी वेगळी, लहान चामडी होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला अडकवायची म्याने, वापरत. १९९३ मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस दल नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांकडे वळले, इतर दलांतही रिव्हॉल्व्हर मागे पडले, आणि ही होल्स्टर घरांतल्या खणांतून निघून जुन्या बाजारात येऊ लागली. न्यू जर्सीत राहून मी ती बरीच वर्षे जमवत आलो आहे. नवे संग्राहक मला जे दाखवायला आणतात, त्यातले पुष्कळसे चाळीस-पन्नास वर्षे टिकून शेवटच्या आठवड्यात बिघडवलेले असते.

सर्वांत जास्त होल्स्टर तेलाने वाया जातात. कोल्हापुरी चप्पल कडक झाली की तिला एरंडेल पाजायचे, हे आपल्याकडे लहानपणापासून हातात बसलेले असते, आणि त्याच सवयीने मीही माझे पहिले चांगले होल्स्टर घालवले. ते स्मिथ अँड वेसन कंपनीच्या चीफ्स स्पेशल या रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेले, मधाच्या रंगाचे आणि लाकडासारखे ताठ होते. तो ताठपणा मला कोरडेपणा वाटला, म्हणून मी सलग दोन रात्री त्याला नीट्सफूट तेल चोळले, जे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. तिसऱ्या दिवशी रंग काळपट झाला होता, सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, जागचा फुगवटा बसला होता आणि तोंड मिटले होते. पुढे कितीतरी दिवस खालच्या कागदावर तेलाचे डाग उमटत राहिले. चपलेने पायाबरोबर वाकायचे असते, पण होल्स्टरचे कातडे ओले असतानाच साच्यावर दाबून वाळवलेले असते, आणि त्या ताठपणामुळेच रिव्हॉल्व्हर जागच्या जागी राहते. मुरलेले तेल पूर्णपणे परत निघत नाही. मी आता कोरडे सुती फडके आणि शिवणीसाठी मऊ ब्रश एवढेच वापरतो. अगदीच भेगा दिसल्या, तर बोटाच्या टोकाला लागेल इतके मेणाचे मलम, तेही फक्त बाहेरून. ज्यांना चकाकी हवी आहे, त्यांनी नवे होल्स्टर घ्यावे.

दुसरी चूक खरेदीच्या वेळीच होते: होल्स्टर नेमके कोणत्या रिव्हॉल्व्हरचे, हे पाहिले जात नाही. कोल्ट कंपनीचे डिटेक्टिव्ह स्पेशल रिव्हॉल्व्हर १९२७ मधले आणि सहा गोळ्यांचे, तर चीफ्स स्पेशल १९५० मधले आणि पाच गोळ्यांचे, त्यामुळे त्याचे सिलिंडर बारीक असते. नळी मात्र दोन्हींची साधारण दोन इंचांची असल्याने विक्रेते नुसते ‘दोन इंची’ लिहून मोकळे होतात. माझ्या ओळखीच्या एका पुणेकर तरुणाने असेच कोल्टचे होल्स्टर घेतले, त्यात चीफ्स स्पेशलची रबरी प्रतिकृती घातली, आणि ती खुळखुळते म्हणून कातडे आवळण्यासाठी होल्स्टर उकळत्या पाण्यात बुडवले. झाडांच्या सालीत कमावलेले कातडे अशा उष्णतेने कायमचे आक्रसते. ते तळलेल्या पापडासारखे वळले, टाके तुटले आणि ते कोणत्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे हे सांगणारा मागचा छाप वाचण्यापलीकडे गेला. त्याला फोनवर विचारायला दोन मिनिटे लागली असती, पण तेवढा धीर नव्हता. मी विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा छाप आणि सिलिंडरचा फुगवटा या दोन्हींची छायाचित्रे मागवतो. स्मिथ अँड वेसनने आपल्या रिव्हॉल्व्हरना क्रमांक १९५७ मध्ये दिले, म्हणून छापात ‘मॉडेल ३६’, म्हणजे चीफ्स स्पेशलचा क्रमांक, असेल तर ते होल्स्टर त्याआधीचे असू शकत नाही, मग विक्रेता काहीही शपथ घेवो.

रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नये, कारण कातड्यातील आम्ल आणि दमट हवा मिळून पोलादाच्या निळसर मुलाम्यावर गंजाचे ठिपके उठवतात. आकार राखण्यासाठी मी लाकडाचा ठोकळा तासून आत ठेवतो. पितळी बटणाभोवती साचणारा हिरवट, मेणचट थर म्हणजे कातड्यातील स्निग्धांशाने कळकलेले पितळ होय, आणि तेल जितके जास्त पाजावे तितका तो जास्त येतो. तो लाकडी काडीने खरवडावा. भांडी घासायची पावडर तेथे लावू नये. पोलादी क्लिपखालचा काळा डाग ही घाण नसते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की जशी शाई होते, तशीच ती कातड्यात झालेली असते, म्हणून मी तिला हातच लावत नाही.

बुटाचे पॉलिश, प्लास्टिकची पिशवी आणि खिडकीतले ऊन यांविषयी मी वेगळे लिहीत नाही.

पट्ट्याच्या घडीमागे कधी कधी बॉलपेनाने लिहिलेली आद्याक्षरे किंवा बिल्ल्याचा क्रमांक सापडतो. होल्स्टर नवे दिसावे म्हणून तो खोडरबरने घासून काढणाऱ्या विक्रेत्याकडून मी पुन्हा काहीही घेत नाही.