पॉइंट टू-टू रायफल निवडताना या चुका टाळा

एअर रायफलवर हात बसला, स्कोअर स्थिरावला, की बहुतेक नेमबाजांची नजर ५० मीटरच्या रेंजकडे वळते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९७ मारून प्रोनचं, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं, जागतिक विजेतेपद घेतलं ते पॉइंट टू-टूवर, म्हणजे .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलीवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) ब्राँझ आणलं तेही पॉइंट टू-टूवरच. मग घरात चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीची घ्यायची?"

आन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, ब्लायकर ही नावं रेंजवर ऐकून पाठ झालेली असतात. त्यातलं एक निवडलं जातं, काही लाख रुपये मोजले जातात आणि नंतर कळतं की शेजारच्या लेनवरची जुनी रायफल आपल्यापेक्षा चांगले ग्रुप देतेय, म्हणजे तिच्या गोळ्यांची भोकं जास्त जवळजवळ पडतायत. यात कंपनीचा दोष क्वचितच असतो. एक नळी, तिला मानवणारा गोळ्यांचा एक लॉट (कारखान्यात एका खेपेत बनलेला माल) आणि त्या दस्त्यात नीट बसणारा नेमबाज, हे तिन्ही जुळले की दहा लागतात. खरेदीतल्या बहुतेक चुका यातली एकच गोष्ट बघितल्यामुळे होतात.

एका कागदावरून पसंती

वापरलेली रायफल विकणारा हमखास एक टार्गेट दाखवतो: पाच गोळ्या, एकच भोक. तो खोटं बोलत असतो असं नाही. पण पाच-पाच शॉटचे दहा ग्रुप मारले तर त्यात एखादा असा निघतोच, आणि जपून ठेवला जातो तो तेवढाच. पाच शॉटचा ग्रुप नशिबावर फार अवलंबून असतो. शॉट वाढवले की ग्रुप पसरतो आणि खरं चित्र दिसतं.

म्हणून रायफल बघायला जाल तेव्हा दहा-दहा शॉटचे निदान चार ग्रुप सलग मारा. टेबलावर, पुढे-मागे सँडबॅग लावून, एकाच लॉटच्या गोळ्या वापरून. चारही कागद जवळ ठेवा, वाईट निघालेला फेकू नका. मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या.

हे अंतर किती असावं याचं उत्तर टार्गेटमध्येच आहे. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. ग्रुप १६ मिलिमीटरचा असेल तर रायफल कागदोपत्री सगळे दहा देऊ शकते, पण नेमबाजाच्या हाताला काहीच सूट उरत नाही. दहा शॉटचे ग्रुप सातत्याने १३-१४ मिलिमीटरच्या आसपास राहिले तर ती नळी गंभीरपणे विचारात घ्यावी. एक ९ चा आणि पुढचा २० चा, असं होत असेल तर थांबा आणि कारण शोधा.

गोळीला दुय्यम समजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

.२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. यात मध्यभागी वेगळी टोपी नसते. आघाताने पेटणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत, सगळ्या घेरात भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेच्या एका जागी आदळते. मिश्रण सगळीकडे सारखं बसलंय का, कडेची जाडी सारखी आहे का, यावर दारू कशी पेटते ते ठरतं आणि त्यावर वेग. मोठ्या बोअरचे नेमबाज आपली काडतुसं स्वतः भरून, वजन करून तयार करू शकतात. आपल्याला ती सोय नाही. कारखान्यातून जे आलं ते आलं. आपल्या हातात फक्त निवड असते.

वेगातल्या फरकाने काय होतं ते आकड्यात बघा. मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर हिशोबाने ७ मिलिमीटरहून जास्त वर-खाली. एवढ्यात दहाचा नऊ होतो आणि तुमच्या होल्डमध्ये काहीही चुकलेलं नसतं.

आणि म्हणून सराव स्वस्त गोळीवर करून "रायफल ग्रुप देत नाही" असा निष्कर्ष काढू नका. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेल्या गोळ्या तर टार्गेटच्या कामाच्याच नाहीत. वेग जास्त म्हणजे वारा कमी लागेल असं वाटतं, होतं उलटं: ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि ती गोळी आडव्या वाऱ्यात जास्त वाहते. मॅच गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेल्या असतात.

पुढची पायरी लॉटची. एली टेनेक्स, लापुआ एक्स-ॲक्ट, आरडब्ल्यूएस आर५० ही वरची नावं. पण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, एकाच नळीतून, डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. जो लॉट मित्राच्या रायफलीत उत्तम चालतो तो तुमच्या नळीला मानवेलच असं नाही, जरी दोन्ही रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी. वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट गोळ्यांच्या कारखान्यात जातात, ब्रिटनमध्ये एलीकडे, जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे. तिथे नळी शिकंज्यात बसवून एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जुळलेला लॉट वर्षभराचा उचलतात. आपल्याला तिथवर जाता आलं नाही तरी तत्त्व वापरता येतं: तीन-चार लॉटचे प्रत्येकी एक-दोन डबे मिळवा, सँडबॅगवर तपासा, डब्यावरचा लॉट नंबर कागदावर लिहा आणि जो जुळला तो एकरकमी घ्या.

माझं स्पष्ट मत असं: बजेट ठरलेलं असेल तर रायफल एक पायरी खालची घ्या, पण पहिल्या वर्षाच्या चांगल्या गोळ्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा.

एक बारीक गोष्ट. दोन कंपन्यांच्या गोळ्यांवरचं मेण वेगळं असतं. एकीवरून दुसरीवर जाताना नळीत आधीचा थर असतो, त्यामुळे नव्या गोळीचे पहिले दहा-पंधरा शॉट ग्रुपमध्ये धरू नका. तेवढ्यावरून चांगले लॉट नापास केले जातात.

अंगाला न बसणारी रायफल

नियमाने ५० मीटर रायफलीचं वजन ८ किलोपर्यंत चालतं. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात सगळा साज चढवलेली साडेसात किलोची रायफल देणं योग्य ठरत नाही. स्टँडिंगमध्ये ती कमरेतून मागे वाकून वजन पेलते, पाठ दुखायला लागते आणि चाळिसाव्या शॉटनंतर ग्रुप कोसळतो. घरचे म्हणतात एकाग्रता कमी पडते. दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून धावायला लावण्यासारखं आहे ते.

दुकानात किंवा रेंजवर रायफल बघताना जॅकेट घालूनच बघा. जॅकेटच्या जाडीने खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर बदलतं. पोझिशन घ्या, डोळे मिटा, गाल चीकपीसवर (दस्त्यावरच्या गाल टेकवायच्या भागावर) सैल टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या साइटच्या छिद्रातून पुढची रिंग आपोआप मध्यभागी दिसली पाहिजे. मान ताणून किंवा गाल दाबून डोळा आणावा लागत असेल तर चीकपीस हलवून बघा. हलवूनही जमत नसेल तर तो दस्ता तुमचा नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), चीकपीस, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडथळा) हे सगळं किती सरकतं ते आजच बघा, कारण दोन वर्षांत उंची बदलणार आहे. डावखुऱ्यांनी उजव्या हाताच्या रायफलीवर "सवय होईल" म्हणून समाधान मानू नये. बोल्ट डाव्या बाजूचा, दस्ता डाव्या हाताचा, असाच शोधावा, थोडं थांबावं लागलं तरी.

लांब नळीचा मोह हाही असाच. .२२ ची दारू नळीच्या पहिल्या ४०-४५ सेंटिमीटरमध्ये आपलं काम संपवते. पुढची लांबी वेग वाढवत नाही; तिचा उपयोग दोन साइटमधलं अंतर वाढायला होतो, आणि ते काम हलकी नळकांडी जोडूनही होतं.

वापरलेली रायफल घेताना

जुनी मॅच रायफल घेणं हा चांगला मार्ग आहे, फक्त वरची पॉलिश बघून फसू नका. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, खालच्या बाजूला झीज आहे का ते बोअरस्कोपने (नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीने) बघून घ्या. रिमफायरच्या मिश्रणात बऱ्याचदा काचेची बारीक पूड असते, ती वर्षानुवर्षं तिथे घासत राहते. नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात, भिंगाखाली बघा: कडेला एक बारीकसा ठोका असला तरी गोळी सुटताना वायू एका बाजूने आधी निसटतो. रिकाम्या काडतुसांच्या बुडावर पिनची खूण सारखी आणि पुरेशी खोल हवी. खुणा कमी-जास्त असतील तर स्प्रिंग थकलीय, आणि ती बदलणं नळीच्या मानाने फार स्वस्त आहे. भाव करताना हे लक्षात ठेवा.

मॅच चेंबर घट्ट असतो. बोल्ट बंद करताना शेवटी हाताला किंचित अडल्यासारखं होतं, कारण गोळी रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत, टेकते. न उडवलेलं काडतूस बाहेर काढलं तर शिशावर बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. नवख्यांना हा दोष वाटतो, तो दोष नाही. मात्र असं काडतूस ओढताना कधीकधी गोळी आत अडकते आणि दारू सांडते, म्हणून शक्यतो चेंबरमध्ये भरलेली गोळी टार्गेटवर मारूनच मोकळी करा.

ग्रुप बिघडला की नळीला दोष

रायफल घेतली, दोन महिने छान चालली आणि एक दिवस ग्रुप फुटला. अशा वेळी नळी बदलायचं बोलणं सगळ्यात आधी निघतं. ते सगळ्यात शेवटी यायला हवं.

आधी तीच रायफल सँडबॅगवर मारा. तिथे ग्रुप बरा आला तर दोष पोझिशनमध्ये आहे, पैसे वाचले. तिथेही बिघडला तर आकार बघा. उभी रेघ पडत असेल तर गोळीच्या वेगाकडे किंवा फायरिंग पिनच्या स्प्रिंगकडे जा. आधी लॉट बदलून बघा. आडवी रेघ असेल तर वारा, आणि वारा नसेल तर रायफल कलते आहे. वर दिलेल्या १२ सेंटिमीटर घसरणीच्या हिशोबाने ५ अंशांचा कल गोळीला सुमारे १० मिलिमीटर बाजूला नेतो. कल असायला हरकत नाही, तो प्रत्येक शॉटला सारखा हवा. दोन वेगळे गठ्ठे पडत असतील, चार इथे नि सहा तिथे, तर ॲक्शनचे (नळी आणि बोल्टचा भाग दस्त्याला धरणारे) स्क्रू ढिले आहेत किंवा साइट बसवलेली जागा हलतेय. स्क्रू अंदाजाने आवळू नका. टॉर्क रेंच घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा पाळा आणि दर वेळी तोच ठेवा. जास्त आवळणंही तितकंच वाईट.

पुढच्या साइटची रिंग फार लहान घेणं ही आणखी एक सवय. रिंग काळ्या गोलाला चिकटलेली असली की अचूक वाटतं, पण डोळा थकतो आणि गोल जरासा सरकलेला कळत नाही. भोवती पांढरी कड स्वच्छ दिसेल एवढी मोठी रिंग लावून आठवडाभर मारून बघा.

सफाईत दोन्ही टोकं दिसतात. कुणी वर्षभर नळीला हात लावत नाही, कुणी रोज ब्रश मारतो. रॉड नेहमी मागून, बोअर गाइड (रॉड सरळ धरणारी नळी) लावून घाला. पुढून घातलेला रॉड क्राउन खातो. सफाईनंतर नळी पुन्हा स्थिरावायला काही शॉट लागतात, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करू नका. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. मुंबईच्या खाऱ्या हवेत किंवा कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रायफल फोमच्या बंद पेटीत आठवडाभर ठेवली तर गंज धरतो. फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून आल्यावर पेटी उघडी ठेवा, नळीतून हलका तेलाचा फेल्ट फिरवा आणि पुढच्या सरावाआधी कोरडा फेल्ट फिरवायला विसरू नका.

रिकामी रायफल मारून ट्रिगरचा सराव करण्याआधी मॅन्युअल बघा. साध्या .२२ मध्ये पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडू शकते.

परवाना नंतर बघू

रायफल पसंत करून, बयाणा देऊन मग कागदपत्रांकडे वळणारे अडकतात. .१७७ बोअरच्या, २० जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टूला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, आणि कमी वयाच्या नेमबाजांचे नियम आणखी वेगळे. आयातीची सोय कुणाला मिळते हेही तुमच्या स्पर्धेतल्या दर्जावर ठरतं. हे सगळं आधी जिल्हा आणि राज्य रायफल संघटनेत बसून समजून घ्या, तोवर क्लबच्या रायफलीवर सराव करा. त्या काळात दोन-तीन वेगवेगळे दस्ते अंगाला लावून बघायची संधीही मिळते.

परवान्यावर गोळ्यांचीही मर्यादा लिहिलेली असते. हंगामाचा एक लॉट एकदम उचलायचा असेल तर तो आकडा अर्ज करतानाच डोक्यात हवा: सरावाला महिन्याला किती, स्पर्धांना किती, लॉट तपासायला किती. अर्जाला संघटनेचं पत्र जोडताना त्यात ही गरज लिहून घ्या.